गुरुजी दारू पिऊन शाळेत येतात अशी शंका आली, तर पालकांनी काय करावं?

मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. रात्री जेवता जेवता ती सहज म्हणाली, "आजपण गुरुजी टेबलावर डोकं ठेवून झोपले. मॉनिटर म्हणाला, आवाज करू नका, गुरुजींचं डोकं दुखतंय." त्या 'आजपण'मुळे माझा घास तिथंच थांबला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. कुजबुज गावात आधीपासून होती. पंधरा दिवसांत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन तट पडले. एक म्हणे, घरी जाऊन जाब विचारू. दुसरा म्हणे, त्यांच्याही घरी लेकरंबाळं आहेत, कशाला पोटावर पाय द्यायचा. तिसरा म्हणे, बदली करून टाका. मी त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो, त्यामुळे सगळं अंगावर आलं. आमच्या हातून चुकाही झाल्या. पुढे आसपासच्या गावांतले पालक हाच प्रश्न घेऊन येत राहिले, म्हणून ते सगळं क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. समोरचा माणूस दारुडा आहे हे सिद्ध करणं पालकांचं काम नाही, आणि आपल्याला ते जमणारही नाही. शाळेच्या वेळेत, मुलांसमोर काय घडलं, एवढंच आपण सांगू शकतो आणि तेवढं पुरतं.

मुलं आत्ता सुरक्षित आहेत ना?

तुम्ही शाळेत गेलात आणि शिक्षक उभं राहता येत नाही अशा अवस्थेत दिसले, तर भांडण, चित्रीकरण, चौकशी सगळं नंतर. आधी मुलं दुसऱ्या जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या. शाळेत दुसरे शिक्षक असतील तर त्यांच्या वर्गात, नसतील तर अंगणवाडी सेविका, समितीचे सदस्य किंवा दोन पालक शाळा सुटेपर्यंत मुलांजवळ बसू शकतात. मुलांना एकटं घरी पिटाळू नका. आईबाप शेतात असतात आणि वाटेत विहीर, ओढा, रस्ता असतो.

मग मुख्याध्यापकांना सांगा, ते नसतील तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) फोन करा. त्या शिक्षकांना गाडी चालवत जाऊ देऊ नका, आणि त्यांच्या गाडीवर एखादं मूल तर अजिबात बसू देऊ नका. ते बेशुद्ध असतील किंवा ओकत असतील तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मारहाण, शिवीगाळ चालू असेल तर ११२.

तोंडाचा वास घेऊन बघणं, धरून दवाखान्यात नेणं, खोलीत कोंडणं हे आपण करायचं नाही. सरकारी नोकराच्या अंगावर हात टाकला तर गुन्हा आपल्यावरच दाखल होतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी किंवा पोलिसांनी करून घ्यायची असते. मात्र ती त्याच दिवशी व्हायला हवी. रक्तातलं दारूचं प्रमाण तासातासाला उतरत जातं, दोन दिवसांनी तपासणी करून काहीच हाती लागत नाही. म्हणून फोन लगेच करा, आणि फोन किती वाजता केला ते लिहून ठेवा. सार्वजनिक ठिकाणी नशेत बेताल वागणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ८५ खाली गुन्हा आहे, तेव्हा पोलिसांना बोलावण्यात आगाऊपणा काही नाही.

दोन गोष्टी अशा आहेत की तिथं समजावून सांगणं, बैठक, वाट बघणं काहीच करायचं नाही. मुलाला दारूची बाटली आणायला पाठवलं असेल, तर ती किरकोळ बाब समजू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७८ नुसार मुलाकडून दारूची ने-आण करवून घेणं हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. आणि कुठल्याही मुलाला वा मुलीला नको तसा स्पर्श झाल्याचं कळलं, तर थेट पोलिसात जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. बाल मदतवाणी १०९८ वर चोवीस तास फोन लागतो.

दिसतं ते दारूच असेल असं नाही

शेजारच्या गावातली गोष्ट आहे, आणि ती मी प्रत्येक पालकाला सांगतो. तिथल्या एका बाई दुपारच्या सुमारास वर्गात अडखळत चालताना दिसल्या. बोलणं जड झालेलं, कपाळावर घामाचे थेंब, समोरच्याचं बोलणं कळत नव्हतं. दारात उभ्या असलेल्या दोन पालकांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकानं मोबाईल काढला. तेवढ्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आतून वाटीत साखर घेऊन आल्या, चमच्यानं पाण्यात कालवली, बाईंना खाली बसवून हळूहळू पाजली. दहा-पंधरा मिनिटांत बाई नीट बोलायला लागल्या. त्यांना मधुमेह होता, सकाळी इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं होतं. मावशींना हे माहीत होतं, पालकांना नव्हतं. तो व्हिडिओ ग्रुपवर गेला असता, तर बाईंना त्या गावात तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

रक्तातली साखर उतरली की माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. ती फार वाढली तर श्वासाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास येऊ शकतो. फिट येऊन गेल्यावरचा गोंधळ, पक्षाघाताची सुरुवात, कानातल्या दोषामुळे येणारी चक्कर, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्यांची गुंगी यांनीही तोल जातो आणि जीभ अडखळते. हात थरथरायला थायरॉईड किंवा कंपवातही पुरतो. लाल डोळ्यांवरून तर काहीच ठरवता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याचे हात सकाळी थरथरतात ते दारू उतरल्यामुळे, चढल्यामुळे नव्हे. तो शुद्धीत असतो, वासही नसतो, पण खडू हातात टिकत नाही, घाम फुटतो, चिडचिड होते. आणि रात्री उशिरापर्यंत प्यायलेल्याच्या तोंडाला सकाळी साडेदहाला वास येऊ शकतो. तेव्हा 'शाळेत पितात' आणि 'रात्री पितात' यातला फरक आपल्याला बाहेरून कळत नाही, आणि तक्रारीत आपण तो ठरवूही नये.

वही घाला

मी दोनशे पानी वही घातली. पहिल्या पानावर लिहिलेलं असं होतं:

"मंगळवार. सकाळी ११.१०. डबा द्यायला गेलो. वर्गशिक्षक टेबलावर डोकं ठेवून. हाक मारली, दोनदा, उठले नाहीत. फळ्यावर कालचीच तारीख. मुलं आपापसात खेळत होती. ११.४० ला निघालो, तोवर तसंच. सोबत समितीच्या एक ताई."

एवढंच. 'प्यायले होते' हा शब्द त्यात नाही. तारीख, वेळ, डोळ्यांना काय दिसलं, नाकाला काय जाणवलं, मुलांचं काय झालं, सोबत कोण होतं. 'दारूसारखा वास आला' असं लिहायला हरकत नाही, कारण ते आपल्याला जाणवलेलं आहे. 'दारू ढोसून आले' असं लिहू नका, कारण तो आपला निकाल झाला. फळ्यावरची तारीख ही बारीक गोष्ट, पण पुढे चौकशीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं ते तिच्यावर.

ऐकीव गोष्टी वेगळ्या पानावर लिहा आणि कोणाकडून ऐकल्या तेही लिहा. गुरुजी संध्याकाळी कुठल्या दुकानाबाहेर दिसले, बाजाराच्या दिवशी कोणाबरोबर बसले होते, हे वहीत घ्यायचंच नाही. शाळा सुटल्यावरचं त्यांचं आयुष्य त्यांचं आहे. शाळेत उशिरा येणं, वर्गात झोपणं, न सांगता निघून जाणं, मुलांना मारणं हे आपलं.

साधारण तीन ते चार आठवड्यांच्या नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. सोमवारीच उशीर होतो का? पगारानंतरच्या आठवड्यात जास्त होतं का? की एखाद्याच दिवशी झालं आणि आपणच बाऊ केला? मुलं धोक्यात असतील तर मात्र चार आठवडे थांबायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मुलांना साक्षीदार करू नका

मी इथं चुकलो. दुसऱ्या दिवशी मुलीला विचारलं, "गुरुजींच्या तोंडाला वास येतो का गं?" ती म्हणाली, "हो." मग विचारलं, "पेट्रोलसारखा?" त्यालाही "हो." मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात. त्यापेक्षा "आज शाळेत काय काय झालं?" एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. बोललं तर बोललं. जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. "गुरुजींनी आज काय केलं?" असा रोजचा पाढा लावला तर मूल शाळेला भ्यायला लागतं. माझी मुलगी आठवड्याभरात पोटदुखीचं कारण सांगू लागली, तेव्हा मी विचारणं बंद केलं.

मुलाला घरी एवढंच सांगा: गुरुजींना बरं नसावं, मोठी माणसं बघतायत, तुझी काही चूक नाही. कोणी मारलं, घाबरवलं, कुठं पाठवलं तर मात्र त्याच दिवशी मला सांग.

आधी बोलून बघावं का?

माझं मत हो असं आहे, पण फक्त तेव्हा, जेव्हा गोष्ट उशीर, झोप, दुर्लक्ष एवढ्यावर आहे आणि मुलांना इजा झालेली नाही. मारहाण, शिव्या, बाटली आणायला पाठवणं यात बोलणी नको, थेट अर्ज.

बोलायचं तर दोघांनीच जा, त्यातलं एक माणूस असं असू द्या की ज्याचा गुरुजी मान ठेवतात. मुलांसमोर नको, चावडीवर नको, आणि ते शुद्धीत असताना. आम्ही रविवारी सकाळी गेलो. सोबत वारकरी संप्रदायातले एक आजोबा होते. ते फक्त म्हणाले, "गुरुजी, मंगळवारी आणि शुक्रवारी पोरं बिनशिकवता बसली. तुमची तब्येत बरी नाही का? काही मदत लागली तर सांगा." गुरुजी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "घरचं जरा बिघडलंय, सर." त्या दिवशी याहून जास्त काही निघालं नाही. दोन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. पण पुढे अर्ज देताना आमच्या मनाला टोचणी राहिली नाही की या माणसाला आम्ही एकदाही विचारलं नाही.

अर्ज

तोंडी तक्रार हवेत जाते. लेखी द्या, आणि ज्यांनी स्वतः काही पाहिलंय त्यांच्याच सह्या घ्या. चाळीस सह्यांच्या अर्जातल्या पस्तीस जणांनी चौकशीत "आम्ही ऐकलंय" म्हटलं की अख्खा अर्ज पोकळ ठरतो. पाच जणांचा, डोळ्यांनी पाहिलेला अर्ज भारी. मजकूर साधारण असा ठेवा:

"विषय : इयत्ता तिसरीच्या अध्यापनातील खंड व मुलांची सुरक्षितता. महोदय, आम्ही खाली सही करणारे पालक नम्रपणे कळवतो की, दि. … रोजी सकाळी ११.१० ते ११.४० या वेळेत वर्गशिक्षक टेबलावर डोके ठेवून झोपलेले होते (अर्जदार क्र. १ यांनी स्वतः पाहिले). दि. … रोजी ते ११.५० वाजता शाळेत आले, पावले अडखळत होती व दारूसारखा वास जाणवला (अर्जदार क्र. २ व ३). त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत वर्गाला कोणी शिकवले नाही. यामागचे कारण ठरवणे आमच्या अधिकारात नाही. तरी, १. तातडीने चौकशी व्हावी, २. तोवर वर्गाला पर्यायी शिक्षक मिळावा, ३. आजार असल्यास संबंधितांना उपचाराची संधी मिळावी, ४. झालेली कार्यवाही आम्हास लेखी कळवावी."

अर्जात मुलांची नावं घालू नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच परत आणा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत अर्ज आधी मुख्याध्यापकांकडे, प्रत केंद्रप्रमुखांना. तिथं हाललं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी. ज्यांच्याबद्दल तक्रार तेच मुख्याध्यापक असतील तर सुरुवातच वरून करा. खाजगी शाळेत मुख्याध्यापक आणि संस्थेची कमिटी. तिथल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. संस्थेनं दाबून ठेवलं तर त्याच शिक्षणाधिकारी कार्यालयात जा.

शाळा व्यवस्थापन समितीचं बळ बहुतेक पालकांना माहीत नसतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नं ती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे तिचं कायद्यानं दिलेलं काम आहे. मासिक बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ठरावाची प्रत अर्जाला जोडा. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकानं नियमित आणि वेळेवर हजर राहावं, अभ्यासक्रम पूर्ण करावा, आणि तसं झालं नाही तर त्याचं म्हणणं ऐकून शिस्तभंगाची कारवाई करता येते. कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जात ही कलमं एका ओळीत लिहिलीत तरी साहेब कागद बाजूला ठेवताना विचार करतात.

चौकशीला विस्तार अधिकारी आले की जबाब देताना वही जवळ ठेवा. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. पुढं कारणे दाखवा नोटीस, खुलासा, गरज पडली तर निलंबन आणि विभागीय चौकशी असा रस्ता असतो, त्याला वेळ लागतो. तोवर आपण फक्त एका गोष्टीवर अडून बसायचं: वर्गाला शिक्षक द्या.

मोबाईल खिशात ठेवा

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला की न्याय मिळतो असं वाटतं. होतं उलटंच. त्यात मुलांचे चेहरे येतात, ते कायमचे फिरत राहतात. माणूस आजारी निघाला तर आपण त्याचं आयुष्य उधळलेलं असतं, आणि बदनामीचा खटला आपल्यावर येऊ शकतो. हीच गोष्ट योग्य अधिकाऱ्याकडे, सद्भावनेनं, लेखी कळवली तर ती बदनामी धरली जात नाही. ग्रुपवर एवढंच टाका: "अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, याविषयी इथं चर्चा नको."

बदली मागू नका

हे मी जोर देऊन सांगतो. आमच्या ग्रुपवर सर्वांत जास्त मतं बदलीला होती, आणि तो मार्ग सर्वांना सोपा वाटतो, अधिकाऱ्यांनाही. पण बदली म्हणजे आपल्या तिसरीच्या वर्गातलं दुखणं दुसऱ्या गावच्या तिसरीच्या वर्गात पाठवणं. आडवाटेच्या वस्तीशाळेत, जिथं पालक अर्ज लिहू शकत नाहीत, तिथं ते जाऊन पडतं. आणि त्या माणसाची दारू ओळखीच्या चार माणसांपासून तोडल्यावर वाढते. चौकशी मागा, पर्यायी शिक्षक मागा, उपचार मागा.

उपचाराबद्दल दोन शब्द. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ दारूमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीचाही आपल्या कक्षेत समावेश करतो. गावात सल्ला मिळतो, "माळ घाला, आजपासून सोडा." माळेवर माझी श्रद्धा आहे, कितीतरी घरं तिनं सावरलेली मी पाहिली आहेत. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केलं तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस जिवानिशी जाऊ शकतो. आधी डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखाली दारू बंद, आणि मग माळ. जेवणातून गुपचूप द्यायची पावडर, काढे यांच्या नादी घरच्यांनी लागू नये, जिवावर बेततं.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीच्या १४४१६ वर आणि व्यसनमुक्तीच्या १४४४६ वर फोन करता येतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसे लागत नाहीत आणि तिथं नावगाव उघड करावं लागत नाही, शिक्षकासाठी ही मोठी सोय आहे. या गोष्टी आपण गुरुजींना सांगण्यापेक्षा त्यांच्या घरच्यांना सांगितलेल्या बऱ्या. आमच्याकडे समितीतल्या ताई त्यांच्या पत्नीला भेटल्या, कागदावर नंबर लिहून दिले. त्या माऊली म्हणाल्या, "कोणी भांडायला येईल म्हणून मी रोज दाराकडं बघत होते."

मधल्या काळातलं शिक्षण

हे सगळं चालू असताना वर्ग मागे पडतो, आणि याची तक्रार कोणीच करत नाही. पर्यायी शिक्षक यायला आम्हाला पाच आठवडे लागले. तोवर तिसरीची मुलं बाराच्या पाढ्यावर अडकली होती, हातच्याची वजाबाकी कोणालाच येत नव्हती. गावातल्या दोन कॉलेजच्या मुली संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा समाजमंदिरात बसायच्या, एक पाढे घ्यायची, एक वाचन. रोज एक आई पाळीपाळीनं तिथं थांबायची. नवीन शिक्षक आल्यावर त्यांच्याकडून मागे राहिलेल्या घटकांची यादी करून घेतली आणि समितीच्या बैठकीत ती महिन्यामहिन्याला तपासली. गुरुजी उपचार घेऊन परत आले तेव्हा ती यादी आम्ही त्यांच्याच हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आणि विचारलं, "सतरापासूनचे पाढे राहिलेत ना अजून?"